नाव किती वेळा आलं? : सुलोचना गाडगीळ आणि मान्सूनचं विज्ञान

 

मागचं व्याख्यान संपल्यावर एक तरुण प्राध्यापक आम्हाला खाली जिन्यापाशी भेटले. म्हणाले, "सर, तुम्ही शास्त्रज्ञांच्या विचारांवर बोलता, ते छान वाटतं. पण आमच्याकडे कुणी विचार विचारत नाही, आकडा विचारतात. तुमचे पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती?" प्रश्न रास्त होता आणि तो आम्हाला थोडा लागलाही. कारण असं की, काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या निवड समितीवर आम्ही स्वतः बसलो होतो. समोर चौदा उमेदवारांच्या फायली होत्या. दिवसभरात गुणांची बेरीज झाली, सायटेशनचे आकडे तक्त्यात भरले गेले, यादी तयार झाली. त्या दिवसभरात एकाही उमेदवाराचा एकही निबंध उघडून कुणी वाचला नाही. आम्हीही नाही. सही मात्र केली.

तेव्हा आजचं व्याख्यान हे त्या जिन्यावरच्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा एक प्रयत्न आहे. नुसतं तत्त्व सांगण्यापेक्षा एक माणूस घेऊ, त्या माणसाचं चाळीस-पन्नास वर्षांचं काम घेऊ, आणि त्या कामाचे संदर्भ जगाने कसे दिले, कुठे दिले नाहीत, ते पाहू. आम्ही निवडलेलं नाव आहे सुलोचना गाडगीळ. २४ जुलै २०२५ रोजी बंगळुरूत त्यांचं निधन झालं. आपल्याकडे त्यांची ओळख बहुतेकांना 'माधव गाडगीळांच्या पत्नी' एवढीच होती. माधवराव मोठेच; पश्चिम घाटाच्या अहवालामुळे त्यांचं नाव घरोघरी गेलं. पण मान्सूनचा अभ्यास करणाऱ्या जगाला विचाराल तर 'गाडगीळ' म्हटल्यावर आधी सुलोचनाबाई आठवतात.

हे व्याख्यान क्रांती चौकात व्हावं यालाही अर्थ आहे. हे गाव पावसाकडे डोळे लावून बसलेलं गाव आहे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. जायकवाडी किती टक्के भरलं हा आकडा आपल्याला शेअर बाजारापेक्षा जास्त पाठ असतो. आणि नाव उरणं-न उरणं हा आजचा विषय असेल, तर बाहेरच काळा चबुतरा आहे. १८५७ च्या बंडातल्या शिपायांना तिथे मृत्युदंड दिला गेला. चौकाला क्रांतीचं नाव मिळालं, त्या शिपायांतल्या किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील?

असो. मुद्द्यावर येऊ.

सुलोचनाबाईंचा जन्म १९४४ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव फाटक. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात, पुढे पुणे विद्यापीठातून उपयोजित गणितात एम.एस्सी. नंतर दोघंही हार्वर्डला गेली. माधवराव जीवशास्त्रात, या गणितातून समुद्राच्या प्रवाहांकडे वळल्या. १९७० मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली ती ॲलन रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि विषय होता अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम हा प्रवाह नागमोडी का वाहतो याचा. म्हणजे मान्सूनशी काहीही संबंध नाही. तिथेच राहिल्या असत्या तर गल्फ स्ट्रीमवर आणखी वीस निबंध झाले असते. अमेरिकेच्या किनाऱ्याचा विषय, तिथे वाचणारे भरपूर, उल्लेख करणारेही भरपूर. १९७१ मध्ये दोघं भारतात परत आली आणि बाईंनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, ज्याला आपण आयआयटीएम म्हणतो तिथे, दोन वर्षं काम केलं.

ही दोन वर्षं कोणती, लक्षात घ्या. १९७१ ते १९७३. आमच्या वयाच्या मंडळींना बहात्तर साल सांगावं लागत नाही. देशभराचा मान्सून सरासरीपेक्षा जवळपास चोवीस टक्के कमी पडला आणि मराठवाड्यात तर विहिरींचे तळ दिसले. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं, सुकडी, आणि अमेरिकेतून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी. जिची भाकर थापता थापता तुटायची. पाऊस का आला नाही, हा प्रश्न गावात विचारला तर उत्तर देव, नशीब किंवा पाप यांपैकी एक मिळायचं. पुण्यात त्याच वेळी एक अठ्ठावीस वर्षांची गणिती बाई हाच प्रश्न नव्याने शिकत होती. बहात्तरमुळेच त्या मान्सूनकडे वळल्या असं म्हणण्याचा मोह होतो, पण तसा पुरावा आमच्यापाशी नाही, म्हणून म्हणत नाही. एवढं खरं की १९७३ मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या त्या मान्सून बरोबर घेऊन, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आता थोडं पार्श्वभूमीचं. हवामानाचं 'मॉडेल' म्हणजे काय? वातावरणाचे नियम, म्हणजे वारा कसा वाहतो, उष्णता कशी जाते, वाफेचं पाणी कधी होतं, हे समीकरणांत मांडायचं, पृथ्वीवर चौकटींचं जाळं टाकायचं आणि प्रत्येक चौकटीत ती समीकरणं पुन्हा पुन्हा सोडवत पुढे जायचं. १९५० मध्ये अमेरिकेत चार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर पहिलं असं भाकीत केलं. १९६७ मध्ये मानाबे आणि वेदराल्ड यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी साधारण सव्वादोन अंशांनी तापेल असं काढलं. हा निबंध इतका मूलभूत ठरला की मानाबेंना २०२१ चं नोबेल मिळालं. त्यावेळी त्यांचं वय नव्वद होतं. निबंध ते नोबेल, चौपन्न वर्षं. निवड समितीपुढे एवढी वाट कोण पाहील?

सुलोचनाबाई मॉडेल बांधणाऱ्यांमध्ये अग्रणी होत्या असं म्हणणं अचूक नाही. त्या मॉडेलला प्रश्न विचारणाऱ्या होत्या. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे काम ओळखीचं वाटतं.

त्यांचा सर्वांत गाजलेला निबंध १९८० चा. सहलेखक देव राज सिक्का, पुण्याच्याच संस्थेतले, पुढे तिचे संचालक झाले. 'मंथली वेदर रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकात तो आला. काय केलं होतं त्यात? १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतली, एप्रिल ते ऑक्टोबर अशा सात महिन्यांची, रोजची उपग्रहचित्रं घेतली. हिशेब करा, हजाराहून जास्त दिवस होतात. प्रत्येक दिवशी भारताच्या रेखांशांवर ढगांचा सर्वांत दाट पट्टा कोणत्या अक्षांशावर आहे ते नोंदवलं. एवढंच. आजच्या भाषेत यात 'डेटा' कमी आणि डोळे जास्त होते.

आणि दिसलं काय? ढगांच्या पट्ट्याला बसायला दोन आवडीच्या जागा आहेत. एक आपल्या भूमीवर, उत्तर-मध्य भारताच्या अक्षांशांवर. दुसरी विषुववृत्ताजवळ, हिंदी महासागरावर. भूमीवरचा पट्टा फार काळ स्वतःच्या बळावर टिकत नाही. महिनाभरापेक्षा जास्त नाहीच. तो विरायला लागतो, आणि समुद्रावर तयार झालेला दुसरा पट्टा हळूहळू उत्तरेला सरकत येऊन त्याला पुन्हा उभं करतो. हे दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने होतं. जपानमध्ये यासुनारी यांनाही त्याच सुमारास, १९७९ मध्ये, ढगांची अशीच उत्तरेकडची चाल दिसली होती.

आता हे आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत आणा. मृगात पाऊस आला, पेरणी झाली, मग आभाळ कोरडं. पंधरा दिवस, तीन आठवडे. कापसाचं अंकुरलेलं बी वाळतं, दुबार पेरणीचं संकट येतं. याला आपण 'पावसाचा खंड' म्हणतो. गाडगीळ-सिक्का निबंधाने सांगितलं की हा खंड मान्सूनचा बिघाड नाही, त्याच्या रचनेतलाच भाग आहे. पुढचा पाऊस येईल की नाही हे हिमालयाकडे बघून कळत नाही, दूर दक्षिणेला समुद्रावर ढग जमले का ते बघावं लागतं. पुढची चार दशकं मान्सूनच्या या चढउतारावर काम करणाऱ्या माणसाने हा निबंध उल्लेखल्याशिवाय पान उलटलं असं क्वचितच घडलं. सायटेशन ज्याला म्हणतात ते इथे भरघोस मिळालं, आणि रास्त मिळालं.

पण त्या निबंधातली खरी मोठी गोष्ट वेगळी होती, आणि तिचं नशीब वेगळं निघालं.

तुम्हा सगळ्यांना शाळेत शिकवलं असेल, उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, हवा हलकी होऊन वर जाते, समुद्रावरची ओली हवा तिची जागा घ्यायला येते आणि पाऊस पडतो. मान्सून म्हणजे फार मोठा खारा वारा. ही कल्पना एडमंड हॅली यांची, धूमकेतूवाले हॅली, १६८६ मधली. सुंदर कल्पना. पण मराठवाड्यातल्या माणसाने तिला एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. आपली जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात. मग सर्वांत जास्त पाऊस मे महिन्यात का नाही? आणि ज्या वर्षी दुष्काळ असतो त्या वर्षीच्या जुलैत जमीन थंड असते का? उलट, भाजून निघते. जमीन जास्त तापली म्हणजे पाऊस जास्त, असं असतं तर बहात्तरमध्ये धो-धो पाऊस पडायला हवा होता. पाऊस पडतो म्हणून जमीन निवते. कारण आणि कार्य यांची इथे उलटापालट झालेली आहे.

ही हरकत बाईंनी प्रथम काढली असं नाही. जॉर्ज सिम्पसन नावाच्या हवामानशास्त्रज्ञांनी, जे काही काळ भारताच्या हवामान खात्यातही होते, १९२१ मध्येच ती मांडली होती. कुणी फारसं ऐकलं नाही. सुलोचनाबाईंनी सिम्पसन यांना वारंवार संदर्भात आणलं. मेलेल्या निबंधाला संदर्भ देऊन जिवंत करता येतं, हे सायटेशनचं पुण्यकर्म समजा. त्यांनी स्वतः पुढे नेलेली मांडणी अशी, की मान्सून म्हणजे विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती असलेला जो ढगांचा आणि पावसाचा पट्टा आहे, त्याचं ऋतूनुसार उत्तरेला सरकणं. अफ्रिकेत तो सरकतो, प्रशांत महासागरावर सरकतो. आपल्याकडे तो सर्वांत जास्त सरकतो. ढगांच्या चित्रांनी दाखवलं होतं की भूमीवरचा पट्टा आणि समुद्रावरचा पट्टा एकाच जातीचे आहेत. जमिनीचं तापणं पूर्ण निरुपयोगी आहे असं त्या म्हणत नाहीत. ऋतूची सुरुवात व्हायला ते लागतं. पण पाऊस कमी-जास्त का होतो, हे त्यातून कळत नाही.

आता जरा थांबून सायटेशन या प्रकाराचा इतिहास पाहू, म्हणजे पुढचं समजेल.

आपल्या शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धांत मांडता येत नाही. पण पूर्वपक्ष कुणाचा, हे पुष्कळदा सांगत नाहीत. 'केचित्', म्हणजे काही जण असं म्हणतात, एवढ्यावर भागवतात. अभ्यासकांनी आयुष्यं खर्ची घातली आहेत हे 'केचित्' कोण ते शोधण्यात. आधुनिक विज्ञानाने नाव सांगण्याची शिस्त लावली, ती चांगलीच. १९५५ मध्ये युजीन गारफिल्ड या गृहस्थांनी कल्पना मांडली की कोणत्या निबंधाने कोणाचा उल्लेख केला याची उलटी सूची करावी. म्हणजे जुना निबंध हाती असेल तर त्यावर पुढे कोण काय म्हणालं ते सापडेल. १९६४ पासून ही सूची नियमित निघू लागली. हेतू ग्रंथपालाचा होता, शोधण्याचा. मोजण्याचा चस्का नंतर लागला. २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ असतील तर इंडेक्स वीस. २०१० मध्ये आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या कामगिरीचे गुण ठरवले, आणि त्यानंतर पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांचं जे पीक आलं, त्यावर औषध म्हणून मान्य नियतकालिकांची केअर यादी आली. तीही २०२५ मध्ये बंद झाली. त्या जिन्यावरच्या तरुण मित्राने हे सगळं भोगलं आहे, आम्ही वेगळं काय सांगणार.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानतात, पण अट एक, सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे ज्याला विषय कळतो आणि जो खरं सांगू इच्छितो. सायटेशन हा मुळात आप्तवाक्याचा व्यवहार आहे: मी अमक्याच्या शब्दावर भरवसा ठेवून पुढे जातो आहे. पण यंत्र मोजतं तेव्हा त्याला भरवसा दिसत नाही. खोडून काढायला दिलेला संदर्भ, सवयीने दिलेला संदर्भ, न वाचता दिलेला संदर्भ, सगळे एकाच मापाने मोजले जातात.

याचं एक उदाहरण बाईंच्याच कामात आहे. १९८४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह, एक छोटा निबंध आला. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि त्यावरचे ढग यांचं नातं त्यांनी तपासलं. आढळलं असं, की साधारण अठ्ठावीस अंशांखाली मोठे ढग बनतच नाहीत म्हणा. त्यावर गेलं की बनण्याची शक्यता एकदम वाढते. पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा, अठ्ठावीस अंशांवर गेल्यावर ढग बनतीलच असं नाही. समुद्र कोमट असूनही आकाश निरभ्र असल्याचे पुष्कळ प्रसंग त्यांना सापडले. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही जो धडा तीस वर्षं शिकवला तो हाच: आवश्यक अट वेगळी, पुरेशी अट वेगळी. परीक्षेत पास व्हायला फॉर्म भरणं आवश्यक आहे. पुरेसं नाही, हे आमच्या काही विद्यार्थ्यांना निकालानंतर कळायचं. अठ्ठावीस अंश हा आकडा चटकन लक्षात राहण्यासारखा आहे. त्याची अट लक्षात ठेवायला कष्ट पडतात. आकड्यांच्या बाबतीत हे नेहमीच होतं.

दुसरं उदाहरण नावाचं. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात शतकातला प्रचंड एल निनो झाला. सगळ्यांना वाटलं, भारतात दुष्काळ. प्रत्यक्षात पाऊस सरासरीहून किंचित जास्तच पडला. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, एल निनो त्या मानाने मवाळ होता. पण जुलैत देशात जवळपास निम्माच पाऊस झाला आणि हंगाम एकोणीस टक्के तुटीत गेला. हे कोडं होतं. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की हिंदी महासागराचीही स्वतःची झोकांडी आहे, कधी पश्चिम बाजू तापते, कधी पूर्व. त्याला 'डायपोल' नाव मिळालं. २००४ मध्ये सुलोचनाबाईंनी विनयचंद्रन, फ्रान्सिस आणि सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह त्याची वातावरणातली बाजू पुढे आणली. अफ्रिकेच्या बाजूला विषुववृत्तावर ढग जास्त असले तर आपल्याला अनुकूल, सुमात्राच्या बाजूला जास्त असले तर प्रतिकूल. सत्त्याण्णवला ही झोकांडी आपल्या बाजूने होती, तिने एल निनोला तोलून धरलं. दोन हजार दोनला दोन्ही विरुद्ध गेले. याचं नाव त्यांनी ठेवलं 'इक्विनू'.

आता संदर्भांच्या बाजारात काय झालं? 'डायपोल' जगभर गेला, आज तो पेपरात, टीव्हीवर, शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. त्याच्या मूळ निबंधाचे उल्लेख हजारांनी आहेत. 'इक्विनू' तज्ज्ञांपुरता राहिला; उल्लेख कितीतरी पटींनी कमी. भारतातल्या दुष्काळाशी थेट जोडायचं तर समुद्राच्या तापमानापेक्षा ढगांची ही झोकांडी जास्त जवळची, असा बाईंचा आग्रह होता आणि त्यामागे आकडेवारी होती. गंमत म्हणजे विनयचंद्रन दोन्ही निबंधांवर आहेत. एकाच माणसाचं एकाच प्रश्नावरचं काम, एका खात्यात भरभराट आणि दुसऱ्या खात्यात किरकोळ जमा. पहिलं हलक्या दर्जाचं होतं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. तो निबंध मोठाच आहे. पण तो आधी आला होता, आणि जपान, ऑस्ट्रेलिया, अफ्रिका या सगळ्यांनाच त्याचा उपयोग होता. भारताच्या पावसापुरतं सत्य असेल तर त्याचे वाचक भारताएवढेच असणार.

इथे एका दुसऱ्या पुणेकराची आठवण काढायला हवी. वसंत गोवारीकर. १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सोळा घटकांवर आधारलेलं संख्याशास्त्रीय मॉडेल आलं, त्या वर्षी अंदाज बरोबर ठरला, आणि 'गोवारीकर मॉडेल' हा शब्द मराठी घरांत गेला. चहाच्या टपरीवर लोक सोळा घटकांची चर्चा करायचे! विज्ञानाला इतकी प्रतिष्ठा क्वचित मिळाली. २००२ चा दुष्काळ मात्र त्या मॉडेलला दिसला नाही. सरासरीएवढा पाऊस सांगितला होता. पुढच्या वर्षी मॉडेल बदललं, आणि २००४ मध्ये नव्यालाही दुष्काळ दिसला नाही. तेव्हाही तूट तेरा-चौदा टक्क्यांची. २००५ मध्ये सुलोचनाबाई, एम. राजीवन आणि रवी नंजुंडय्या यांनी 'करंट सायन्स'मध्ये निबंध लिहिला, ज्याचं शीर्षकच होतं, मान्सूनचा अंदाज आणखी एकदा का फसला? १९३२ पासूनचे सरकारी अंदाज तपासून त्यांनी म्हटलं की सात दशकांत या पद्धतीच्या अंदाजांची गुणवत्ता सुधारलेली दिसत नाही. राजीवन त्यावेळी हवामान खात्यातच होते, हे विशेष. आपल्याच घरातला अंदाज का चुकला ते खुलेपणाने छापायचं, हे आपल्याकडे सोपं नसतं. आणि बंगळुरूहून निघणाऱ्या नियतकालिकातला निबंध परदेशी नियतकालिकातल्या निबंधाइतके संदर्भ कुठून कमावणार? त्यांनी तो तिथेच छापला, कारण वाचायला हवा होता तो इथल्या माणसांनी.

मॉडेल्सकडेही त्यांनी हीच नजर लावली. १९९८ मध्ये सजनी यांच्यासह त्यांनी जगभरातल्या तीसएक वातावरण-मॉडेलांची मान्सूनवर परीक्षा घेतली. त्यात दोन जाती निघाल्या. काही मॉडेलांत पावसाचा पट्टा ऋतूनुसार समुद्रावरून आपल्या भूमीवर येतो. काहींत तो जुलैतसुद्धा विषुववृत्तावरच रेंगाळतो. जगाचं सरासरी हवामान बरं दाखवणारं मॉडेल आपल्या पावसाबद्दल साफ चुकू शकतं. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलं. पुण्याच्या आयआयटीएममध्ये आता महासंगणक आहेत, तिथलं भारतीय बनावटीचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल जागतिक तुलनेत उतरलं. पण मॉडेलला आधी विचारायचा प्रश्न अजून तोच आहे: तुझा पट्टा जमिनीवर येतो का?

आमच्या मते त्यांच्या कामाचा जो भाग मराठवाड्याने सर्वांत आधी वाचायला हवा, तो २००६ चा. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये त्यांनी आणि त्यांचे गणिती चिरंजीव सिद्धार्थ यांनी मान्सून आणि राष्ट्रीय उत्पन्न यांचा १९५१ पासूनचा हिशेब मांडला. तेव्हा अर्थतज्ज्ञ म्हणत होते, शेतीचा वाटा घटला, आता दुष्काळाचं एवढं काय. हिशेब वेगळा निघाला. शेतीचा वाटा घटूनही मोठ्या दुष्काळाचा फटका देशाच्या एकूण उत्पन्नाच्या दोन ते पाच टक्के राहिलेलाच आहे. आणि दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. वाईट वर्षी जेवढं नुकसान होतं तेवढा फायदा चांगल्या वर्षी होत नाही, आणि ही विषमता १९८० नंतर वाढली आहे. का? कोरडवाहू शेतकरी खत-औषधांवर खर्च करत नाही, कारण पाऊस दगा देईल तर तोही पैसा जाईल. मग पाऊस चांगला झाला तरी पीक त्याचा पुरता लाभ घेऊ शकत नाही. आपल्या गावाकडचा कुणीही शेतकरी हे एका वाक्यात सांगेल. पण ते देशाच्या उत्पन्नाच्या आकड्यांत सिद्ध करून दाखवणं, हे काम कुणीतरी करायला हवं होतं.

आणि ते काम त्यांना टेबलावर सुचलं नव्हतं. अनंतपूर आणि पावगडा, म्हणजे आंध्र-कर्नाटकातला तो भाग जो पावसाच्या बाबतीत आपल्या बीडचा चुलतभाऊ, तिथे त्यांनी शेषगिरी राव आणि इतर सहकाऱ्यांबरोबर भुईमुगाच्या पेरणीवर अनेक वर्षं काम केलं. पेरणी कोणत्या आठवड्यात केली तर पीक हातचं जाण्याची शक्यता कमी, हे पिकाच्या मॉडेलवर आणि पावसाच्या जुन्या नोंदींवर तपासायचं. पण तपासायचं काय, हे शेतकऱ्यांशी बोलून ठरवायचं. शास्त्रज्ञाला वाटतं उत्पन्न जास्तीत जास्त यावं. शेतकरी विचारतो, बुडीत वर्षं कमी कशी होतील? दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. पावगड्याच्या शेतकऱ्याने पेरणीची तारीख बदलली तर त्याची नोंद कोणत्या सूचीत होते? आम्ही पाहिलं तेवढ्यात, कुठल्याच नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी एक विचित्र प्रकार दाखवून दिला आहे. एखादी कल्पना फारच यशस्वी झाली की तिचा संदर्भ देणंच लोक सोडतात, ती सर्वांची होऊन जाते. हॅलींचं तसंच झालं. भूगोलाच्या पुस्तकात खारे-मतलई वारे आणि मान्सून एका दमात येतात, खाली तळटीप नसते. एकीही सायटेशन न मिळवता कल्पना जगते, कारण ती मुलांच्या डोक्यात आहे. आणि सुलोचनाबाईंनी १९८० पासून दिलेलं उत्तर? शेकडो निबंधांत आहे, आणि आपल्या नातवंडांच्या पुस्तकात नाही. आम्ही शेजारच्या नववीतल्या मुलीला विचारलं, मान्सून का येतो? तिने तीच जमीन तापवली जी आम्ही १९६५ मध्ये तापवली होती. मार्कही मिळाले होते तिला.

२०१८ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बाईंनी पुन्हा एक निबंध लिहिला: मान्सून हा खारा वारा की सरकणारा पट्टा? अडतीस वर्षांनी तोच प्रश्न शीर्षकात. सिम्पसन पुन्हा आहेत, हॅली पुन्हा आहेत, मे महिन्याची तापलेली जमीन पुन्हा आहे. नावावर पुष्कळ संदर्भ जमा असताना तीच गोष्ट नव्याने सांगायला बसणारा माणूस आकड्यासाठी बसत नाही.

आता त्या तरुण मित्राकडे येतो. ते आज समोरच बसले आहेत. तुमच्या पुढच्या मुलाखतीला समितीने आकडा विचारला तर सांगा, त्यात काही पाप नाही. पण बरोबर एक निबंध न्या, छापील, आणि त्यातलं कुठलंही एक पान वाचून दाखवू का, असं विचारा. आमच्यासारखा कुणी समितीवर असेल तर त्याला त्या दिवशी झोप येणार नाही.

पुढच्या महिन्यात याच सभागृहात गिल्बर्ट वॉकर यांच्यावर बोलू. १९०४ मध्ये केंब्रिजहून आलेला हा गणिती भारताचा मान्सून शोधता शोधता प्रशांत महासागरापर्यंत कसा गेला ती गोष्ट. आता प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, माइक द्या त्यांना.